ओठांत धरलेल्या टाचण्या

चहा गार करून प्यायच्या. सुई हरवली की स्वतःलाच दटावायच्या, "ठेवतेस कुठे गं, भवाने?" आणि सुई त्यांच्याच बाहीत खोचलेली सापडायची. टाचण्या ओठांत धरूनच बोलायच्या, त्यामुळे समोरच्याला निम्मंच कळायचं. व्हॉलीबॉलच्या सामन्याला येताना हातशिलाई घेऊन यायच्या. आणि टाळ्या दोन्ही बाजूंना वाजवायच्या.

या टेलरमावशी. माझ्या मैत्रिणीची आई. मैत्रीण इतकी उंच की आम्ही तिला शिडीच म्हणायचो. मावशी मंगळवारी गेल्या. दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या. अजून खरं वाटत नाही. साहित्य शिकले, पण तीन दिवस धड एक वाक्य लिहिता आलं नाही. म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते.

आधी टाळ्यांचं. पहिल्या वर्षी त्यांना खेळच कळत नव्हता. चेंडू जमिनीवर आदळला की टाळ्या, मग तो आमच्या बाजूला का आदळेना. शिडी चिडायची. "आई, तो त्यांचा पॉइंट होता!"

"असू दे की. मारला किती झकास त्या पोरीनं!"

पुढे नियम पाठ झाले. टाळ्या तशाच राहिल्या. सामना संपला की शिडीला एकच प्रश्न, "भूक लागली का?" जिंकली तरी तोच, हरली तरी तोच.

माझे बाबा रजा काढून यायचे आणि मैदानाच्या रेघेला खेटून उभे राहायचे. सर्व्हिस माझ्याकडे आली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "हात वर! झोपलीस का? त्या शिडीकडे बघ जरा!" घरी जाताना रस्ताभर तोच सामना पुन्हा. त्यांचा जीव होता माझ्यावर, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चेंडूच्या आधी त्यांचा आवाज यायचा आणि माझे हात आखडायचे.

तेरा वर्षांची होते. मावशी नव्या जर्सीचं माप घेत होत्या. मी म्हटलं, "माझं नका घेऊ. उद्याचा सामना शेवटचा. मी सोडतेय."

"खेळ आवडत नाही?"

"आवडतो."

"मग?"

मी खांदे उडवले. त्यांनी माप घेतलंच. खांद्याचं तर दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाबांच्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवर कुणाची तरी जर्सी. "भाऊ, जरा टाचण्या धरता? माझे हात गुंतलेत."

बाबांनी तळहात पुढे केला.

"हातात नको हो. गवतात एखादी सांडली तर पोरींच्या पायात जाईल. ओठांत धरा."

बाबा भिडस्त. सहा टाचण्या ओठांत धरल्या.

माझी सर्व्हिस आली. मी खांदे आक्रसून वाट पाहिली. आवाज आला नाही. वळून बघते तर बाबा ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून उभे. मला हसू फुटलं. हसता हसताच मारला. चेंडू जाळीपार.

सामना आम्ही दणकून हरलो, बरं का. मी बाबांपाशी गेले. मावशींनी एकेक टाचणी काढून घेतली. "बोला आता काय बोलायचंय ते."

बाबांनी ओठ चोळले. मग म्हणाले, "भूक लागली का?"

पुढच्या सामन्याला ते आपणहून मावशींच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "द्या." मी आणखी नऊ वर्षं खेळले. मावशींनी कधी कुणाला चार शब्द सुनावल्याचं मला आठवत नाही.

आता संध्याकाळी मी लहान मुलींना शिकवते. त्यांच्या जर्सी मावशींकडेच होत्या. काल शिडीनं दुकान उघडून दिलं. मी आणि बाबा आत गेलो. नऊ जर्सी घडी घालून ठेवलेल्या. दहावी मशीनवर, पाठीवरचा आकडा वर करून. बाबांनी ती उचलली, तशी एक सैल टाचणी निघाली. त्यांनी ती ओठांत धरली.

पाठीवरच्या '१०'मधला एक शिवून झाला होता. शून्य अजून टाचण्यांवरच आहे.