आंबेमोहोराची चार शितं

हे मी श्रीकांतलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, नवऱ्यापासून तर नाहीच! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वॉल्टरला ओळखत नाही.

वॉल्टर म्हणजे फ्रीमाँटमधला आमचा शेजारी, सत्तरी ओलांडलेला. तरुणपणी हौशी मंडळींचा गट जमवून उडत्या तबकड्यांचा शोध घ्यायचा. सरकार आपली पत्रं फोडून वाचतं, असा त्या गटाला तेव्हापासूनचा संशय. पुरावा मात्र कधी मिळाला नाही. त्याची स्वतःची मुलंही त्याला हसायची.

दोन हजार तीन साली आम्ही ग्रीन कार्डाच्या पत्राकडे डोळे लावून बसलो होतो. पेटीत पडेल ते पाकीट मी नाव न बघता सुरीनं उचकटायचे. एकदा आतून निघालं काय? तबकडीचं चित्र! पोस्टमननं वॉल्टरचं पत्र आमच्या पेटीत टाकलेलं. पाठवणारी एडना, त्या गटातली त्याची जुनी मैत्रीण. घरात डिंक नव्हता, कुकर मात्र नुकताच उतरवला होता. मग काय — आंबेमोहोराची चार शितं चोळून पाकीट बंद केलं आणि त्याच्या पेटीत सरकवलं.

तासाभरात वॉल्टर दारात, पाकीट नाचवत.

“हा साधा गोंद नाही! त्यांच्या लॅबमधलं काहीतरी आहे. बघ, मी वेडा नव्हतो!”

भिंगातून त्यानं मला माझाच भात दाखवला. मी गंभीरपणे पाहिला. मग दार लावलं आणि पोट धरधरून हसले. अजूनही हसू येतं, खोटं कशाला बोलू?

बोलले का नाही? दुसऱ्याचं टपाल उघडणं इथं गुन्हा, आणि आमचं कार्ड अडकलेलं.

पण — इथंच माझं गाडं अडतं. आपली खबर सरकारला दिली कुणी, हे वॉल्टर शोधायला लागला. ते पत्र येणार हे एडनाशिवाय कुणाला ठाऊक होतं? दर महिन्याला न चुकता लिहिणाऱ्या त्या बाईला त्यानं फितूर ठरवलं आणि उत्तरं देणं बंद केलं. तिची पत्रं येतच राहिली. तो ती न उघडता कचऱ्यात टाकायचा. माझ्यादेखत.

दोन हजार सात साली कार्ड आलं. आता कसली भीती? सगळं सांगायचं ठरवून पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं दोन खाल्ले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मी परत आले.

पुढच्या वर्षी तो मुलीकडे राहायला गेला. निघताना ते पाकीट माझ्या हातात ठेवलं. “सांभाळ. तू एकटीच मला कधी हसली नाहीस.”

मी थँक यू म्हणाले.

भात अजून सुटलेला नाही. कोपऱ्यात एडनाचा पत्ता आहे, अगदी स्वच्छ अक्षरात.