कणीचा शिरा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, त्याची माफी आधीच मागते. कोणी वाचावं म्हणून हे लिहीत नाही. माझ्या लेकीच्या, कुंदाच्या, जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. जाऊबाई गेल्याला पाच आठवडे झाले. तोंडाने त्यांच्याबद्दल कोणाशी बोलणं मला जमत नाही.

निरोप कटंगीच्या बसच्या कंडक्टरने आणला. "तुमच्या जाऊबाई सकाळी गेल्या," एवढंच बोलून तो वळला. मी तांदूळ निवडत होते. तेव्हा मनात पहिला विचार काय आला, ते लिहायचीही लाज वाटते. खरंच गेल्या, की मला बोलावून घ्यायला असं कळवलंय? इतकी वर्षं मी त्यांच्यावर शंका घेतली, की त्यांच्या मरणाचा निरोप आला तरी ती सवय सुटेना...

माझे मालक आणि भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, जाऊबाईंचे यजमान, दोघेही भरवेलीच्या खाणीत कामाला होते. एकाच लाइनीत आमची क्वार्टरं, मधे एक भिंत. जाऊबाईंना मूल नव्हतं. माझी कुंदा दोन वर्षांची झाली आणि वाळायला लागली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, दिवसातून सहा-सात वेळा परसाकडे. किरनापूरजवळ माझं माहेर आहे. तिथे नेली की महिन्याभरात तिच्या गालावर रंग यायचा, आणि क्वार्टरात परत आणली की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तिथेही तिला भरवणारी मीच होते. तिथे नव्हत्या त्या फक्त जाऊबाई. समोरची म्हातारी एकदा कानाशी येऊन म्हणाली, "बहू, बिना औलाद वाली की नजर गहरी लगती है." तेव्हापासून मी जाऊबाईंच्या हातांवर डोळा ठेवला. त्यांच्याकडून आली की मी कुंदाचं तोंड हुंगून बघायची. एकदा तिच्या मुठीत तुपाची पोळी सापडली.

आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. पोळी आमच्याकडे पाहुण्यांना. खाणीच्या लाइनीत मात्र रेशनचा लाल गहू यायचा, म्हणून आमच्या चुली पोळीला लागल्या. जाऊबाई तो लाल गहू स्वतः खायच्या आणि कटंगीच्या बाजारातून चांगला पांढरा गहू आणवून कुंदापुरत्या पोळ्या लाटायच्या. "भातानं पोरगी काय अंग धरन? दूध-पोळी पाह्यजे तिले," म्हणायच्या. दुसऱ्याच्या लेकरावर एवढा खर्च काहून, हे मला उमजत नव्हतं. जे उमजत नव्हतं, त्यात मी वाईटच भरत गेले.

शेवटी नागपूरला न्यायचं ठरलं. गाठीला पैसे नव्हते. जाऊबाईंनी नव्वद रुपये आणून माझ्यापुढे ठेवले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "उसने म्हणून घेतो, बाई. फेडीन."

"फेड मंग," त्या म्हणाल्या. "पन आज पोरीले ने."

डॉक्टरांनी रोगाचं नाव इंग्रजीत सांगितलं, ते मला धरता आलं नाही. गहू बंद, एवढं कळलं. पोळी, पुरी, रवा, बिस्कुट काही नाही. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, जन्मभर. माहेरी आम्ही नुसता भात खात होतो, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. नजर नव्हती, करणी नव्हती. परत येऊन सांगितलं तेव्हा जाऊबाई ओट्यावर बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "म्याच चारली तिले... माह्या हातानं." मला तेही सोंग वाटलं.

कुंदाचं पोट सुधारलं, पण दुसरंच दुखणं लागलं. लग्नाच्या पंगतीत पुऱ्या आल्या की तिला उठवावं लागे. लाइनीतल्या मुली म्हणत, "हिच्यापाशी नोका बसू, हिचा रोग लागन." ती प्रत्येक पदार्थ हुंगायला लागली. माझ्या हातचा भातसुद्धा. "यात गहू त नाही ना, माय?" हे हुंगणं तिने माझ्याकडूनच घेतलं होतं. एका लग्नात ती माझी नजर चुकवून पुऱ्या खाऊन आली आणि आठ दिवस अंथरुणात पडली. मी रागावले, काहून खाल्ल्या? भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एक दिवस साऱ्यायसारखी बसलो होतो."

पुढे जाऊबाईंकडे सत्यनारायण झाला. कुंदा तेव्हा आठ वर्षांची. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, म्हणून अशा वेळी मी तिला दाराबाहेरच थांबवायची. त्या दिवशी वळून बघते तर ती आत मुलींच्या रांगेत बसलेली, आणि जाऊबाई तिच्या ओंजळीत शिरा घालताहेत. मी जाऊन तिच्या हातावर फटका मारला. प्रसाद जमिनीवर सांडला.

"माह्या पोरीले जीवानं मारता काय, बाई?" मी जाऊबाईंवर ओरडले.

मी आयुष्यात चार माणसांत मोठ्याने बोलले ते तेवढंच. जाऊबाई खाली वाकल्या आणि सांडलेला शिरा वेचू लागल्या. हळूच म्हणाल्या, "तांदळाच्या कणीचा हाय, पारबते. साऱ्यायलेच तोच देल्ला."

त्यासाठी त्यांनी नवं जातं आणवलं होतं आणि त्यावर गव्हाचा दाणा पडू दिला नव्हता. रवा नाही म्हणून पूजा सांगणारे बामन कुरकुरले, तेही त्यांनी ऐकून घेतलं. मला आधी काहून नाही सांगितलं, असं मी दोन दिवसांनी विचारलं. "सांगतलं असतं त सारे पोरीकडंच पाहत बसले असते," त्या म्हणाल्या. "तू त पह्यले."

त्यानंतर दुपारी त्यांच्या ओट्यावर तांदळाच्या चकल्या व्हायच्या. टोपली कुंदाच्या मांडीवर आणि वाटायची तिनेच. रोग लागेल म्हणणाऱ्या मुली तिच्यापुढे हात पसरायच्या. "मोठीमाय, हिनं परवा मले बिमारी म्हनलं होतं, हिले देऊ काय?" कुंदा जाऊबाईंना विचारायची. "दे, पन मोडकी दे."

माफी मी कधी मागितली नाही. पैसे तेवढे फेडत गेले, कधी दोन, कधी पाच. त्यांनी एकदाही "राहू दे" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यातही मी काहीतरी शोधलं असतं, हे त्या ओळखून होत्या. मग भासरे रिटायर झाले आणि ती दोघं कटंगीला गेली. वीस रुपये राहून गेले.

परवा कुंदाला घेऊन कटंगीला गेले. डोक्यावर पदर ओढून त्या वीस रुपयांच्या नोटा उंबऱ्यावर ठेवल्या, कारण आमच्या रीतीत धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांच्या हातात काही द्यायचं नसतं. ते आता म्हातारे झालेत, एक एक नोट उजेडात धरून बघत होते. कोपऱ्यात ते जातं तसंच होतं, वर जाऊबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. कुंदाने तो बाजूला केला, जात्याच्या कडेला राहिलेलं पांढरं पीठ बोटाने पुसलं आणि बोट तोंडात घातलं. तिने ते हुंगलं नाही, मला विचारलंही नाही.

"पुरे झाले नव्वद," भासरे म्हणाले.