पांढरे फोटो

संशोधन केंद्रात तिला सगळे फोटोताई म्हणायचे. डोंगरावरच्या जंगलातल्या झाडांचे फोटो काढायचे, ही तिची नोकरी. एकतिसाव्या वर्षी ती तिथे लागली, आणि अठ्ठावन्नावं सरत आलं तरी दुसरं काही तिला सुचलं नाही. त्याआधी ती एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. "झाडं बरी," ती म्हणायची. "मी खरंच अशी दिसते का, असं निदान विचारत नाहीत."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उजाडायच्या आत एका वनरक्षकाला सोबत घेऊन ती पायवाट चढायला लागायची. वाटेवर अकरा ठिकाणी आकडे घातलेले दगड होते. प्रत्येक दगडापाशी ठरलेल्या झाडांचे फोटो काढायचे. पान वरून, पान खालून, फूल असेल तर फूल, शेजारी मोजपट्टी. ते झालं की दगडावर उभं राहून समोरच्या दरीचा एक फोटो. हा शेवटचा नियम तिला नेमणाऱ्या जुन्या साहेबांनी घालून दिला होता. "जे दिसेल ते टिपायचं," ते म्हणाले होते. "काहीच दिसलं नाही, तर ते न दिसणंही टिपायचं."

न दिसणंच जास्त वाट्याला यायचं. ढग खालून वर यायचा आणि झाडांत शिरून बसायचा. खोडांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यावर पातळ पानांचे नेचे, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला टपटपणारा थेंब. तांदळाच्या दाण्याएवढ्या फुलाचा फोटो घ्यायचा तर वारा थांबायची वाट बघत पाऊण पाऊण तास ओणवं राहावं लागे. वारा थांबला की भिंगावर वाफ. वाफ पुसली की पुन्हा वारा. खाली येऊन बूट काढले की मोज्यांत दोन-चार जळवा असायच्याच.

तिचा नवरा शिंपी होता. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. एकदा भिंगाच्या आत बुरशी चढली आणि ती रडकुंडीला आली, तेव्हा त्याने कॅमेऱ्यासाठी मेणकापडाचा कोट शिवला. हात घालायला दोन बाह्या, भिंगाला टोपी, बटणं आतून.

"एवढं बारकाईने माप माझ्या ब्लाउजचं कधी घेतलं होतं का हो?" तिने विचारलं.

"ब्लाउजमध्ये बुरशी होत नाही," तो म्हणाला आणि मशीन चालवत राहिला.

वर्षं गेली. जुने साहेब निवृत्त झाले आणि गेलेही. तिचे गुडघे पन्नाशीतच बोलायला लागले. रविवारी संध्याकाळपासूनच तिच्या जिवावर यायचं. उद्याचे बूट दाराशी दिसले तरी पाय दुखायला लागत. पण सोमवार चुकला नाही.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. त्यांनी तिला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं.

"ताई, हे काय आहे? कोरेच्या कोरे फोटो."

"धुकं आहे, साहेब."

"ते दिसतंय. पण धुकं साठवून करायचं काय? पुसून टाका."

ती तिच्या खोलीत येऊन बसली आणि सर्वांत जुन्या फोटोंपासून पुसायला लागली. पांढरा, पुसला. पांढरा, पुसला. दुपारपर्यंत चार वर्षं पुसून झाली. वाईटही वाटत नव्हतं, नुसते डोळे चुरचुरत होते. पाचव्या वर्षाच्या एका फोटोत कोपऱ्यात तिच्याच रेनकोटची ओली बाही आली होती. ती बघून तिचा हात थांबला. एवढे सोमवार आपण भिजलो, त्याचा काही पुरावा तरी राहू दे, असं तिला वाटलं. उरलेले फोटो तिने तीन हार्ड डिस्कवर उतरवून घेतले, मग कॉम्प्युटरमधून काढले आणि साहेबांना सांगितलं, "झालं." डिस्क घरी नवऱ्याच्या बटणांच्या पेटीत गेल्या.

त्याला तीन वर्षं झाली. मग केंद्रात एक संशोधक मुलगी आली. खोडांवरचे नेचे का वाळतात, हे तिला शोधायचं होतं. दोन-तीनदा ती फोटोताईबरोबर वर चढली. एकदा सातव्या दगडापाशी दम खात तिने विचारलं, "ताई, पूर्वी इथे धुकं किती असायचं?"

"खूप."

"खूप म्हणजे किती?"

"अगं, मोजायला कोण बसलं होतं?" फोटोताई वैतागून म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "मोजलेलं नाही. पण फोटो आहेत."

दोन महिने त्या दोघी शिलाई मशीनशेजारी बसून फोटो लावत होत्या. दगड, महिना, वर्ष. नवरा कापडाचे तुकडे बाजूला सारून जागा करून द्यायचा आणि चहा ठेवायचा. हळूहळू चित्र उभं राहिलं. सातव्या दगडावर सुरुवातीला वर्षातले दहा महिने पांढरे होते. आता जेमतेम चार. ढग पूर्वीपेक्षा वर बसायला लागला होता आणि खालचं जंगल कोरडं पडत होतं.

"ताई, याच्या आधीची चार वर्षं कुठे आहेत?" मुलीने विचारलं.

"पुसली. मीच."

मुलीने त्या चार वर्षांच्या रकान्यांवर रेघ ओढली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी फोटोताईला घास गेला नाही.

"साहेबांनी सांगितलं म्हणून केलंस ना?" नवरा म्हणाला.

"सांगितलं त्यांनी. बोट माझं होतं."

त्याहून जास्त तिला दुसरंच लागलं. हे आपल्याला कळायला हवं होतं. गेली कित्येक वर्षं कॅमेऱ्याच्या कोटाला नवं मेण लावावं लागलं नव्हतं. मोज्यांत जळवा निघत नव्हत्या. आपलं वय झालं म्हणून डोंगराला दया आली, असं तिला वाटत राहिलं होतं. मनातल्या मनात तिने आभारही मानले होते.

मुलीचा लेख छापून आला, त्यात फोटोताईचं नावही होतं. केंद्रात बैठक झाली. नव्या साहेबांनी तिला फुलांचा गुच्छ दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ते फोटो पुसायला मीच सांगितलं होतं." असं सांगायला धाडस लागतं, हे तिला कळलं. पण टाळ्या वाजत असताना, खुर्ची कधी मिळते एवढंच तिच्या मनात होतं. साहेबांनी आणखी दोन वर्षं राहायची गळ घातली. ती म्हणाली, "नको. आता मला सोमवारी झोपू द्या."

शेवटच्या फेरीला मुलगी सोबत होती. आठव्या दगडापाशी फोटोताईचा उजवा गुडघा असा काही आखडला की ती मटकन खालीच बसली. वनरक्षक तिच्याजवळ थांबला. तिने गळ्यातला कॅमेरा काढून मुलीच्या हातात दिला.

"पुढचे तीन तूच कर. मोजपट्टी विसरू नकोस. आणि अकराव्यावर डावा पाय जपून टाक, तिथे फार निसरडं आहे."

दीड तासाने मुलगी खाली आली. तिने काढलेले फोटो फोटोताईने एकेक करून पाहिले. एक हललेला होता, बाकी स्वच्छ. दरी पार तळापर्यंत दिसत होती.

"घसरली नाहीस ना?"

"नाही, ताई. तिथे कोरडं होतं."

फोटोताईने मान हलवली. मग दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून ती उठली, आणि एकेक पाऊल टाकत ती तिघं खाली उतरायला लागली.