थर्मोस्टॅटखालचा चहा

गुडगावच्या आमच्या नव्याकोऱ्या काचेच्या ऑफिसात एसी किती वीज खाईल, हे कॉम्प्युटरवर मांडणारा एक माणूस यायचा. भिंतींना हात लावून बघायचा, माणसं मोजायचा. तरी आमच्या मजल्याचा अंदाज चुकायचाच. साहेबांनी त्याला शुक्रवारची शेवटची मुदत दिली होती.

मी भर मेमध्ये शाल पांघरून त्याला हसायची. मशीनला जरा ऊब मिळावी म्हणून थर्मोस्टॅटखाली रोज वाफाळता चहा ठेवायची. काय ती अक्कल!

एकदा त्यानं ते पाहिलं. "मॅडमजी, मशीन समझेगी कमरा गरम है. और ठंडा करेगी."

"साहब को बताओगे?"

"गलती मेरी है. लोग गिने, पूछा किसी से नहीं." त्यानं वही उघडली. "आपको कितनी ठंड लगती है?"

चाळीस वर्षं संसार केला. हे विचारणारा तो एकटाच.