‘कऱ्हाकाठ’ कुणाची?

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण ठाण्यातले सगळे पोलीस श्वास रोखून एका मोबाईलभोवती उभे आहेत, असं दृश्य एकदाच पाहिलं. ते आठवलं की आजही अंगात वीज सळसळते. माझ्या निवृत्तीच्या थोडंसं आधीची ही घटना. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात गुरुवारी सकाळी एक जोडपं आलं. नवरा एका कारखान्यात नोकरीला, घर भिगवणजवळ. बायको विशी ओलांडलेली, माहेर बारामती तालुक्यातलं, कऱ्हा नदीकाठचं कऱ्हाटी. लग्न होऊन वर्ष झालेलं. तक्रार ऐकून ठाणे अंमलदार मोठ्यानं हसला.

“गेमची आयडी हरवली? उद्या पत्त्यातला एक्का हरवला म्हणून येतील लोकं! साहेब, लिहू का स्टेशन डायरीत?”

“हरवली न्हाय, चोरलीय,” ती मुलगी म्हणाली. नजर खाली नव्हती.

मी दोघांना केबिनमध्ये बसवलं. मुलगी शाळेत असल्यापासून मोबाईलवर एक लढाईचा खेळ खेळायची. खेळातलं तिचं टोपणनाव ‘कऱ्हाकाठ’. पाच वर्षं खेळून ती राज्यातल्या वरच्या खेळाडूंत पोचली होती. मुलींचा संघ तिनं स्वतः जमवला होता आणि रविवारी पुण्यात त्यांची निवडचाचणी होती. नियम असा, की ज्या आयडीवर नोंदणी झाली त्याच आयडीवरून खेळायचं. आयडी नाही तर ती बाद, आणि कप्तान बाद तर संघही बाद.

लग्नानंतर सासरी तिला नवा मोबाईल आणि नवा नंबर मिळाला. जुना मोबाईल सिमकार्डासकट घरात पडून राहिला. पासवर्ड जुन्या मोबाईललाच पाठ होता, तिला आठवेना. परत मिळवायला गेली की ओटीपी जुन्या नंबरवर जायचा.

“मग तो जुना मोबाईल कुठंय?” मी विचारलं.

“सिम चालू ठेवायला भावजींकडं दिला होता,” ती म्हणाली. “ते म्हणत्यात सिम कवाच बंद पडलंय. पण परवा मैत्रिणीनं सांगितलं, तुझी आयडी चालू दिसतीय, कुणीतरी खेळतंय.”

नवरा घाईनं म्हणाला, “साहेब, माझा भाऊ असलं करणार न्हाय. बाहेरच्या कुणीतरी हॅक केली असंल.”

अर्ज नवऱ्यानंच लिहिला, तिचं नावही त्यानंच घातलं. ते दोघं बाहेर पडल्यावर अंमलदार कुजबुजला, “साहेब, खेळण्यासाठी गुन्हा दाखल करायचा?” मी भडकलो. “अरे, त्या घरातली जमीन सासऱ्याची, ट्रॅक्टर दिराचा, अंगावरचे दागिने सासूच्या कपाटात. स्वतःच्या कष्टानं कमावलेली एकच गोष्ट त्या पोरीकडं होती, तीच गेली. चोरी आणखी कशाला म्हणतात?” मालमत्ता म्हणजे हाताला लागते तीच, असं मानणारे पोलीस मला कधीच पटले नाहीत.

चोरीचा माल विकायला निघाला, की तो दिसल्याशिवाय राहत नाही. ट्रॅक्टर असो वा आयडी. मी भिगवण परिसरातल्या खबऱ्यांना ‘कऱ्हाकाठ’ एवढा एकच शब्द दिला. शुक्रवारी दुपारी हायवेवरच्या एका मासळीच्या हॉटेलमालकाचा फोन आला.

“सायेब, तुमचं ते कऱ्हाकाठ आमच्या हाटेलात आलंय! एक गडी ट्रॅक्टरवाल्या पोरांस्नी मोबाईल दावतोय. आयडी इकायचीय म्हणतो. त्यानं मासं मागवल्यात, तळाय उशीर लावू का?”

“लाव. चांगलं सावकाश तळ.”

आमचा एक हवालदार साध्या कपड्यात गिऱ्हाईक होऊन गेला. सौदा ठरत आला, तेव्हा हवालदार म्हणाला, “आयडी माझ्या नंबरवर करून दे, मगच घेतो.” त्या गड्यानं मोबाईलवर खटपट केली, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा खटपट केली. जमेना. मासे आले, त्यांच्या पाठोपाठ आमची गाडीही गेली.

ठाण्यात आणल्यावर मी नवरा-बायकोला ओळख पटवायला बोलावलं. नवरा दारातच थबकला.

“आरं, तू?”

तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, तिचा दीर.

चौकशीत माझा अनुभव असा, की अट्टल चोर गप्प बसतो आणि घरातला चोर वाद घालतो. हा वाद घालायला लागला.

“सायेब, ह्यात चोरी कुठं हाय? वैनी आमच्या घरातली. मग तिची आयडी कुणाची? घरातलीच की!”

“सिम बंद पडलंय असं का सांगितलंस?”

“उगं येड नको लागायला. बाईमाणसानं दिवसभर बंदुका चालवायच्या, लोकं काय म्हणतील?”

“म्हणून तू विकायला काढलीस? लोकं त्याला काय म्हणतील?”

भिंतीकडेला उभा असलेला हवालदार खुदकन हसला. दीर चिडला. “मी काय परका हाय का? आयडीची सगळी माहिती मला हाय.”

“मग गिऱ्हाइकाला नंबर बदलून का देता आला नाही?”

“ते मशीनच येडं हाय, सायेब! आयडी काढताना दिलेलं नाव टाका म्हणतंय. वैनीचंच नाव टाकतोय, तरी चूक दावतंय. आता म्हणतंय, एकच संधी राहिली. पुन्हा चुकलं तर आयडी महिनाभर बंद.”

महिनाभर! रविवार परवावर आला होता.

“कुठलं नाव टाकलंस?”

त्यानं छाती काढून नाव सांगितलं. अर्जावर होतं तेच. माझी मान सवयीनं हलणार, तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नव्या सुनेचं नवं नाव लिहितात. दुसऱ्या दिवसापासून सगळं घर तिला त्याच नावानं हाक मारतं. आयडी पाच वर्षांपूर्वीची आणि हे नाव वर्षापूर्वीचं!

मी खुर्ची पुढं ओढली. “तुझ्या वहिनीचं लग्नाआधीचं नाव काय?”

“आधीचं?”

“ती तुमच्या घरात जन्मली नाही. एकवीस वर्षं तिला आई-बाप कशानं तरी हाक मारतच असतील ना?”

“पत्रिकेत असंल की,” तो पुटपुटला. “ध्येनात न्हाय.”

वर्षभर तिच्या हातचं जेवणाऱ्या माणसाला तिचं नाव माहीत नव्हतं! तिची आयडी मात्र त्याच्या मालकीची होती. मी टेबलावर हात आपटला. “घरातली म्हणतोस तिला? तुझ्या ट्रॅक्टरचा नंबर सांग.” तो त्यानं धडाधड सांगितला आणि मग स्वतःच खाली बघितलं.

मोबाईल पंचांसमोर जप्त केला, तिचा लेखी अर्ज घेतला आणि मोबाईल तिच्या हातात दिला. ठाणे अंमलदार, वायरलेसवाला, दोघी महिला पोलीस, सगळे भोवती गोळा झाले. मोबाईल पुराव्यात अडकणार, म्हणून आयडी तिच्या नव्या नंबरवर न्यायची होती आणि संधी शेवटची. नवरा म्हणाला, “नीट टाक गं.” तिनं माहेरच्या नावाचं एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय… आणि नंबर बदलला! अंमलदारानं एवढी मोठी आरोळी ठोकली, की पहाऱ्यावरचा शिपाई पळत आत आला.

संध्याकाळी सासू-सासरे गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. “सायेब, घरातलं हाय, घरात मिटवू. आयडी गावली न्हवं?” एक तात्या म्हणाले.

मी मुलीकडं पाहिलं. ती सासूला म्हणाली, “आत्या, मी घर मोडाय निघाले न्हाय. पण चोरी झालीय, ती लिहिली पायजे. न्हायतर उद्या माझं काय बी न्यायचं आन् घरातलंच हाय म्हणायचं.”

नवऱ्यानं अर्ज माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, “लिवा, साहेब.”

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवला. रविवारी दुपारी नवऱ्याचा पुण्याहून फोन आला. मागं एवढा गलका, की त्याला ओरडावं लागत होतं. “साहेब, निवड झाली! माइकवर तिचं नाव पुकारलं, माहेरचं! ऐकलं का?” गलक्यात मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. बाईची वस्तू लुटायच्या आधी घर तिचं नाव पुसून टाकतं आणि त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. उरलेल्या नोकरीत विवाहित स्त्री तक्रार घेऊन आली, की जबाब लिहिण्याआधी मी विचारायचो, “बाई, तुमचं नाव तुम्ही काय सांगता?” बहुतेक जणी आधी सोबतच्या माणसाकडं बघायच्या. मी पेन खाली ठेवून थांबायचो.