लुसेआनेची पहिली ओळ

आजार पळवून लावणाऱ्या बातम्या लिफुका बेटावर बहुतेक सोमवारी यायच्या. रविवारी चर्च सुटलं, जेवणं झाली की बायका चटईवर आडव्या व्हायच्या आणि ऑकलंडच्या भाचे-पुतण्यांनी पाठवलेलं सगळं एकमेकींना पाठवत राहायच्या. सोमवारी सकाळी त्यातलं निम्मं लुसेआनेच्या फोनवर आलेलं असायचं. खाली एकच प्रश्न : खरं का गं?

लुसेआनेनं सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं फेसबुकवर एक पान उघडलं आणि या बातम्या तपासायला घेतल्या. तिची पद्धत साधी होती. बातमीमागचा मूळ शोधनिबंध शोधून काढायचा. प्रयोग कुणावर झाला ते आधी बघायचं : माणसांवर, उंदरांवर, की काचेच्या बशीतल्या पेशींवर. मग किती जणांवर, मग कधी. चार वर्षांत तिनं तीनशे बारा बातम्या तपासल्या. दोन पूर्ण खऱ्या निघाल्या. त्यातली एक नऊ वर्षं जुनी होती.

निकाल लिहिण्याची मात्र वेगळी रीत होती. पाचशे घरांच्या गावात बातमी पाठवणारी बाई कुणाची तरी आत्या असते, कुणाची सासू असते. तिला चारचौघांत ‘खोटं’ म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. म्हणून लुसेआने आधी पाठवणारीचे आभार मानायची, मग बातमीत खरं काय ते लिहायची आणि उरलेलं त्याच्या खाली.

फेब्रुवारीत ठिगळाची बातमी आली. मधुमेहानं सडलेल्या पायावर एक पातळ ठिगळ चिकटवायचं, दहा दिवसांत नवं मांस येतं, आता पाय कापणं इतिहासजमा. पाद्रींच्या बायकोनं ती रविवारी चर्चमध्ये वाचूनही दाखवली होती. सोमवारी तिचाच फोन आला.

“लुसेआने, जरा जपून लिही हं. देवाच्या घरात वाचलंय मी ते.”

“जे असेल ते लिहीन, बाईसाहेब.”

“तुझं ते ‘जे असेल ते’ ठाऊक आहे मला. कुणाला घटकाभर बरं वाटलं की तू गार पाण्याची बादली घेऊन हजर!”

लुसेआनेला दोन दिवस लागले. प्रयोग चौदा उंदरांवर झाला होता. जखमा मधुमेहाच्या नव्हत्या. पात्यानं कापून केल्या होत्या. माणसांवर प्रयोग सुरूही झालेला नव्हता. तिनं आभार मानले आणि पहिली ओळ लिहिली : असं ठिगळ शास्त्रज्ञांनी खरोखरच तयार केलं आहे आणि त्यानं जखमा भरल्या, हे खरं. दुसऱ्या ओळीत उंदीर आले. तिसऱ्या ओळीत लिहिलं की पायाला जखम असेल तर डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.

तिसरी ओळ लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच पाय होता. तिचा धाकटा भाऊ सेमिसी याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. राजधानीला जाऊन ती काढून घ्यायची होती आणि गुरुवारच्या बोटीत त्याची जागा ठरली होती. हे तिला भावजयीकडून, वाइओलेतीकडून, कळलं होतं. सेमिसीकडून कळणं शक्यच नव्हतं. वयात आल्यापासून बहीणभाऊ एका खोलीत बसले नव्हते. बहिणीसमोर शरीराचा विषय निघाला तर भावानं उठून जायचं, ही तिथली रीत. मात्र बहिणीचा शब्द भावानं कधी मोडायचा नाही, हीही रीतच. शेतातला पहिला सुरण सेमिसी दर वर्षी तिच्याच ओट्यावर ठेवून जायचा, हाक न मारता.

तीन आठवड्यांनी वाइओलेती आली. ओट्याच्या कडेला टेकली आणि जरा घुटमळून म्हणाली, “वन्सं, ते ठिगळ कधीपर्यंत येईल?”

“कसलं ठिगळ?”

“तुम्ही लिहिलं होतंत ते. आता वास यायला लागलाय हो. वर घोट्यापर्यंत गेलंय.”

लुसेआने उभी राहिली. “तो बोटीनं गेला नाही?”

“कसे जातील? तुम्हीच खरं म्हणून लिहिलंत.”

“आणि पुढचं? उंदरांचं? डॉक्टरांच्या तारखेचं?”

“मी वाचत होते पुढचं.” वाइओलेतीनं मान खाली घातली. “त्यांनी हात वर केला. म्हणाले, बस कर. ताईनं खरं म्हटलंय ना, झालं. ताईच्या शब्दांत पायाचं वर्णन ऐकायला मला लाज वाटते. मग मी थांबले.”

लुसेआने वाइओलेतीला घेऊन तशीच निघाली. वाइओलेती आत गेली आणि ती सेमिसीच्या घराबाहेर, भिंतीला लागून उभी राहिली. आत जाणं तेव्हाही तिला सुचलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, “वाइओलेती, त्याला सांग, ठिगळ नाही. कधीच नव्हतं. आज जी बोट असेल तिनं जायचं.”

वाइओलेतीनं आत तेच शब्द सांगितले. आतून सेमिसीचा आवाज आला, आज्ञाधारक, जरासा घोगरा. “ताई म्हणते तर जाऊ. माझा सदरा काढ.”

राजधानीत पाय मांडीपासून काढला. विष आधीच रक्तात भिनलं होतं. नवव्या दिवशी सेमिसी गेला. त्रेपन्न वर्षांचा होता.

मयताला आत्याचा मान सगळ्यांत मोठा, तिच्यामागून थोरल्या बहिणीचा. आत्या कुणी उरली नव्हती, म्हणून लुसेआनेला प्रेताच्या उशाशी बसवलं. कळत्या वयापासून पहिल्यांदाच ती भावाच्या इतकी जवळ बसली होती. लोक येत, त्याच्या कपाळाचं चुंबन घेत आणि उत्तमातल्या उत्तम चटया मान म्हणून तिच्यासमोर ठेवत. वाइओलेती दाराशी होती. केस मोकळे, अंगाभोवती सुतकाची फाटकी जाड चटई गुंडाळलेली. ती पुढे आली, तेव्हा लुसेआने तिच्या कानाशी म्हणाली, “चूक माझी आहे. मी ते ‘खरं’ आधी लिहायला नको होतं.”

“गप्प बसा, वन्सं,” वाइओलेती घाबरून पुटपुटली. “असं बोलतात का? हे ऐकणं त्यांना सोसलं नसतं.”

दुपारी पाद्रींची बायको आली. रडली, चटई ठेवली, मग लुसेआनेजवळ वाकून हळूच म्हणाली, “थोडक्यात हुकलं गं. ते ठिगळ वेळेवर आलं असतं तर वाचला असता.”

“नसता वाचला,” लुसेआने म्हणाली. “ठिगळ उंदरांसाठी होतं. तो बोटीनं गेला असता तर वाचला असता. माझं वाचून तो गेला नाही.”

अशा ठिकाणी बसलेल्या बाईशी कुणी वाद घालत नाही. पाद्रींच्या बायकोनं आदरानं मान हलवली आणि मागे जाऊन बसली. तिच्या शेजारणीनं विचारलं, “काय म्हणाल्या?”

“दुःखात आहे बिचारी. पण आहे ते खरं, तिनंच तपासलंय. आपल्या बेटावर पोचायला वेळ लागतो, एवढंच.”

शेजारणीच्या नवऱ्याचाही पाय मधुमेहानं चिघळला होता. तिनं चटईखालून फोन काढला आणि ठिगळाची ती बातमी शोधू लागली.

लुसेआनेनं ते पाहिलं. प्रेत पुरेपर्यंत तिला जागेवरून उठता येत नव्हतं. समोर आणखी एक चटई उलगडली गेली आणि रीतीप्रमाणे तिनं ती हात लावून स्वीकारली.