लाभ न म्हणणारा माणूस

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या पायलीला कोणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण किन्हीराजाच्या पुंडलिकजींना ते दर हंगामात कोणीतरी सांगायचं, आणि दर हंगामात ते वाया जायचं. मापाला हात लावला की त्यांच्या तोंडून खणखणीत ‘एक’ यायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच असल्या भांडणात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी गावात नवा मास्तर. शाळेबरोबर पोस्टही माझ्याच गळ्यात, शाळेच्याच एका कोपऱ्यात. किसनराव नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली होती आणि किसनराव लालबुंद होऊन ओरडत होते, “आडिटसायेब, लाभ म्हना! माही रास बाटवता काय?”

उंच, वाळलेला, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, असा तो माणूस शांतपणे म्हणाला, “मोजाले तुमीच बोलावलं. एकाले मी एकच म्हनीन.”

“मंग लाभ कुठी गेला?”

“लाभ होता तो घेऊन गेले लोकं,” असं म्हणून त्यांनी दुसरी पायली ओतली. मला वाटलं, डोकं फिरलेलं दिसतं बुवा. मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत असे.

तरीही लोक त्यांनाच बोलवत. त्यांनी मोजलेली रास पुन्हा मोजावी लागत नसे. लष्कराच्या मालाच्या आणि हिशेबाच्या तपासणीत वीसेक वर्षं नोकरी करून, मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन ते गावी परतले होते; म्हणून ते गावाचे आडिटसायेब. बायको परमुलखातच वारलेली. भावाच्या घरामागच्या खोलीत एकटे राहायचे. मालेगावच्या बाजारात गेले की गहू असो, मिरची असो, हात थेट पोत्यात कोपरापर्यंत घालून तळाचा माल वर काढायचे. दुकानदार त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावत. “वरचं त गिऱ्हाईक पाहाते, मास्तर,” ते मला म्हणायचे, “आपुन तळ पाहावा.”

सही मात्र कशावर करत नसत. देवळाच्या वर्गणीचा हिशेब पंचांनी त्यांच्याकडे आणला, तेव्हा त्यांनी समया, घंटा, पातेली, सगळं अंगणात मांडायला लावलं, एकेक वस्तू उलटीपालटी करून पाहिली, हिशेब चोख असल्याचं तोंडाने सांगितलं आणि कागद तसाच परत केला. पंच चिडले. पुंडलिकजी म्हणाले, “सही म्हंजे शेंदूर नाई बाप्पा, दिसला गोटा का फासला.” आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

गावात सखाराम नावाचा एक शिपाई होता. काश्मीरच्या लढाईतून परतला तो दोन्ही पायांची सगळी बोटं बर्फात गमावून. तिशीही न गाठलेला पोरगा, काठी टेकत म्हाताऱ्यासारखा चालायचा. नांगर धरणं संपलं होतं. आई गयाबाई दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाई, त्यावर दोघांचं पोट. सखारामने पेन्शनसाठी अर्ज केला होता, आणि दर टपालाला गयाबाई शाळेच्या पायरीशी येऊन विचारायची, “आलं का जी मास्तर, सरकारचं?” ‘नाही’ म्हणायची मला लाज वाटू लागली होती.

एकदा मीच पुंडलिकजींना तिच्या घरी नेलं. म्हटलं, लष्करातला माणूस, दोन शब्द सांगेल. गयाबाईला कोण आनंद! तिने पेटीतून एक राखी रंगाचं कांबळं काढलं, झटकलं आणि जमिनीवर अंथरलं. “बसा सायेब. सरकारी हाय. सख्याले थितं भेटलं होतं.”

पुंडलिकजी वाकले. मला वाटलं, बसताहेत. त्यांनी कांबळ्याचा कोपरा उचलला, तिथे काळ्या शाईचा पुसट शिक्का होता, ठेक्याचा नंबर असतो तसला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. मग कापड दोन बोटांत चोळलं आणि दाराकडे धरलं. उजेड आरपार दिसत होता.

“बसा ना जी,” गयाबाई म्हणाली.

“नाई. उभाच बरा हाओ,” ते म्हणाले, आणि चहा होईपर्यंत उभेच राहिले. चहा उभ्यानेच घेतला.  गयाबाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “लय गुर्मी हाय आडिटसायेबाले. गरिबाच्या घरी टेकाची लाज वाटते.” मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर महिन्याभराने सरकारचं पाकीट आलं. कागद इंग्रजीत. माझं इंग्रजी मनीऑर्डरच्या फॉर्मापुरतं, म्हणून मी, गयाबाई आणि सखाराम असे तिघेही तो घेऊन पुंडलिकजींकडे गेलो. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. घडी घातली.

“काय हाय जी?” सखारामने विचारलं.

“उद्या सांगतो.”

“चांगलं हाय का वाईट, इतलं त सांगा!” गयाबाई कळवळून म्हणाली.

“उद्या,” म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मला इतका राग आला की मी बाहेरून दारावर थाप मारली. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते आले, टाटपट्टीवर बसले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. “अर्ज नामंजूर हाय, मास्तर. लिवलं असं का, त्या हिवाळ्यात फौजेले देल्लेली कांबळी अन् मोजे उत्तम होते. तसा तपासनीसाचा दाखला दप्तरात हाय. माल उत्तम, तरी पाय सडले, म्हंजे शिपायाचीच हयगय. म्हून पेन्शन नाई.” मग त्यांनी चष्मा काढला. “तो दाखला माहा हाय.”

 ते सांगत गेले.

उत्तरेकडच्या एका डेपोत कांबळ्यांच्या आणि मोज्यांच्या गासड्या उतरत. हे तपासनीस. सगळ्या फोडायला वेळ नसे. दहात एक फोडायची, असा रिवाज होता. लढाई तोंडावर, हिवाळा डोक्यावर, रोज वरून तार येई की माल सोडा. पुंडलिकजी दारात उभे राहत आणि उजव्या हाताकडून मोजायला लागत. मोठ्याने. लाभ, दोन, तीन. दहावी आली की फोडायला लावत. “माहा बाप या गावचा मापाडी होता, मास्तर. त्यानं शिकवलं, पोट्ट्या, माप खड्या आवाजात मोजाव. चार लोकाईले ऐकू आलं का चोरी होत नाई. मी वीस वर्षं तसाच मोजत आलो. लाभ उजव्या हाताकून, अन् मोठ्यानं.”

माल आघाडीवर गेला आणि महिन्याभरात तक्रारी आल्या. तेव्हा डेपोत उरलेल्या गासड्या त्यांनी आपणहून फोडल्या. चिंध्यांची लोकर, जाळीसारखी वीण. मोज्यांना बोट लावलं की भोक. फक्त दर दहावी गासडी नंबर एकची. एक म्हातारा हमाल तिथे बिडी ओढत बसला होता. त्यांनी त्याला विचारलं, ठेकेदाराला कळलं तरी कसं, मी कोणती फोडणार ते? हमाल भाबडेपणाने म्हणाला, “बाबूजी, आप गिनते बहुत अच्छा हो. सबको सुनाई देता है.”

“म्या बापाची इमानदारी चोराच्या हाती देल्ली, मास्तर,” ते म्हणाले.

वरच्या साहेबाकडे गेले तर साहेब म्हणाला, बिल चुकतं झालं, माल वाटला गेला, सही तुमची आहे. बोलाल तर पहिले तुम्हीच अडकाल. पुंडलिकजी गप्प बसले. दोन वर्षं गप्प बसले आणि मग नोकरी सोडून आले. “ठेकेदारानं लबाडी केली, ते त्याचं पाप. पन ती दोन वर्षं माही हायेत. ते कोनावर लोटू?”

त्याच दुपारी माझ्यासमोर बसून त्यांनी दोन कागद लिहिले. एक सखारामचा फेरअर्ज. दुसरा स्वतःचा जबाब: माझा दाखला पोकळ आहे, मी दहात एक पाहिली आणि नऊ न पाहता सही केली, खोटेपणा कळल्यावरही तोंड उघडलं नाही, याची माझ्यावर चौकशी व्हावी. खाली सही केली. गावात आल्यापासूनची ती त्यांची पहिली सही. मी घाबरून म्हणालो, “पुंडलिकजी, तुमचं स्वतःचं पेन्शन जाईल हो!”

“जाऊ द्या ना मंग. गेलंच पाह्यजे.”

मी दोन्ही कागद रजिस्टर केले. गयाबाईला त्यांनी एवढंच सांगितलं की अर्जात चूक होती, पुन्हा केला आहे. त्यानंतर दर टपालाला शाळेच्या पायरीवर दोन माणसं बसू लागली. एका टोकाला गयाबाई, दुसऱ्या टोकाला ते. एकीला पैसे हवे होते आणि दुसऱ्याला शिक्षा.

वर्ष सरता सरता एकाच दिवशी दोन पाकिटं आली. सखारामला ‘खास बाब म्हणून’ पेन्शन मंजूर झालं होतं. गयाबाईने पाकीट कपाळाला लावलं आणि शाळेच्या अंगणातच रडायला लागली. पुंडलिकजींच्या पाकिटात चार ओळी होत्या. तपासणी रिवाजाप्रमाणेच झाली असल्याने दाखल्यात दोष आढळत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मी म्हणालो, “सुटलात हो!”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ती अजून आठवते. “मले कोनी धरलंच नाई, मास्तर,” ते म्हणाले. कागद हातात तसाच धरून ते घरी गेले.

पेन्शनच्या पैशातून गयाबाईने बटईने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, दोन एकर केलं. पौषात तिची पहिली रास पडली, आणि मापाला तिने पुंडलिकजींनाच बोलावलं. अर्ज त्यांनी लिहिला होता ना! लोक जमले. तिने हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, “सायेब, आजच्या दिस लाभ म्हना. माह्यासाठी म्हना.”

पुंडलिकजींनी पायली भरली. ती तशीच हातात धरून उभे राहिले. मग खाली ठेवली आणि सगळ्या खळ्यासमोर, मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. उजवा हात, मोठा आवाज, दहावी गासडी, ती दोन वर्षं, तिच्या पेटीतल्या कांबळ्यावरचा नंबर. काही झाकलं नाही. सखाराम काठीवर भार देऊन ऐकत होता. 

गयाबाई एक पाऊल पुढे आली. ओरडली नाही. “दहातलं एक पाह्यलं तुमी,” ती म्हणाली. “माह्या लेकाचं त दहातलं एकही नाई राह्यलं.”

पुंडलिकजी म्हणाले, “होय.”

ती रास त्या दिवशी किसनरावांनी मोजली. नंतर गयाबाई पुंडलिकजींशी अक्षर बोलली नाही. रस्त्यात दिसले तर पदर ओढून बाजूला व्हायची. ते मात्र पहिल्यापेक्षा मोकळे वाटत, असं मला तेव्हा वाटे. खरं खोटं देव जाणे. थंडीत ते अंगावर नुसतं धोतर घेऊन झोपतात, हे मला त्यांच्या भावाने सांगितलं तेव्हा मी भांडलो त्यांच्याशी. म्हणाले, “सवय हाय.”

दोन वर्षांनी पौषातच त्यांची छाती भरली. ताप, खोकला, बोलताना धाप. वाशीमला न्यायचं ठरत होतं, ते हलेनात. संध्याकाळी मी उशाशी बसलो असताना दारात गयाबाई आली. काखेत ते राखी कांबळं आणि घरची जाड वाकळ. मी उठून जागा दिली. तिने कांबळं उलगडून त्यांच्या अंगावर टाकलं, गळ्यापर्यंत ओढलं.

“पांघरून पाहा,” ती म्हणाली. “कशी ऊब येते ते पाहा.”

पुंडलिकजींनी डोळे मिटले. अंग कांबळ्याखाली हुडहुडत होतं. ती पाहत उभी राहिली. मला वाटलं, आता बस कर बाई. पण बोलायचा अधिकार मला नव्हता.

“थंडी वाजते, गयाबाई,” ते शेवटी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “वाजते.” मग तिने वाकळ उलगडून त्या कांबळ्यावर घातली, चारी बाजूंनी खोचली आणि त्यांच्या पायथ्याशी बसून राहिली.

चौथ्या दिवशी ते गेले.

पुढच्या आठवड्यात गयाबाईचं खळं होतं. मापाला कोणाला बोलवायचं, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिनेच पदर खोचून पायली उचलली. आधी राशीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचे दाणे वर काढून पाहिले. पायली भरली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. सखाराम काही म्हणणार, तेवढ्यात तिने ती पोत्यात ओतली आणि खड्या आवाजात म्हणाली, “एक.”

खळ्यावर तिला कोणीच टोकलं नाही.